सुट्टीचं घर, पाहुण्यांची मोडतोड आणि मॅनेजरचा हिशेब

चांदणीचौकापलीकडे

मुळशीच्या बाजूला आमचं घर आहे, सासऱ्यांनी हौसेने बांधलेलं. आम्ही राहायला कोथरूडला. गणपतीत आणि मे महिन्यात आमचं जाणं होतं, एरवी घर कुलूपबंद. म्हणून वीकेंडला भाड्याने द्यायचं ठरवलं आणि एका मॅनेजरकडे सोपवलं. एअरबीएनबीवरची लिस्टिंग (घराची जाहिरात), पाहुणे, सफाई, केअरटेकरचा पगार सगळं तो बघतो आणि २० टक्के कापून उरलेले पैसे आमच्या खात्यात टाकतो.

जुलैत ताम्हिणीची गर्दी ऐन भरात असताना एक ग्रुप उतरला होता. तो गेल्यावर ओसरीवरचा झोपाळा खाली आलेला, एका कडीबरोबर स्लॅबचं प्लास्टर निघालेलं, गादीला कोळशाने जळल्याचं भोक पडलेलं आणि मागच्या दाराची काच तडकलेली. यातलं काहीही मला त्या वेळी कळवलं नाही. कळलं ते महिनाअखेरच्या स्टेटमेंटमधून. एक ओळ होती: रिपेअर अँड मेंटेनन्स, २६,४०० रुपये वजा. फोन केला तर म्हणे, "मॅडम, पाहुणे म्हटल्यावर थोडंफार चालायचंच. झोपाळा जुना होता."

इथपर्यंत मी ऐकूनही घेतलं असतं. पण त्या ग्रुपमधल्या एकाचा रेनकोट आमच्याकडे राहिला होता. त्याने केअरटेकरला फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला, "आम्ही अठरा हजार भरलेत ना झोपाळ्याचे, मग रेनकोट तरी नीट पाठवा." स्टेटमेंटमध्ये अठरा हजारांचा पत्ता नाही. मॅनेजरला विचारलं तर उत्तर आलं, "तो वेगळा हिशेब आहे."

लिस्टिंग त्याच्या खात्यावर आहे, त्यामुळे पाहुण्यांशी काय बोलणं झालं, काय मागितलं, काय मिळालं, मला काहीच दिसत नाही. पाहुण्याने भरलेले पैसे कुणाचे? आणि तुम्ही लोक ही व्यवस्था नक्की कशी लावली आहे?

---

जुना_पेठकर

वेगळा हिशेब म्हणजे खर्च तुमच्या हिशेबात आणि जमा त्याच्या. बोलला ते खरंच बोलला की माणूस.

जाता जाता, झोपाळ्यावर किती जण बसले होते? आमच्या वाड्यात लग्नकार्य असलं की आजी झोपाळ्यावर गाद्या-उशा रचून ठेवायची. आतल्या कार्ट्यांनी आणि बाहेरच्या पाहुण्यांनी, कुणीच बसू नये म्हणून. हलकेच घ्या.

---

विमाननगरची_यजमान

माझे दोन फ्लॅट आहेत, एक विमाननगर आणि एक कोरेगाव पार्क. दोन्ही मी स्वतः चालवते, त्यामुळे मॅनेजरचा अनुभव नाही, पण नुकसानभरपाईचा भरपूर आहे.

एअरबीएनबीवर 'एअरकव्हर' म्हणून जे आहे त्यात यजमानाच्या नुकसानीची हमी ३० लाख डॉलरपर्यंत असल्याचं लिहिलेलं असतं. तो आकडा बघून हुरळून जाऊ नका, आपल्या कामाचा आकडा १४ आहे. पाहुणा चेक-आउट झाल्यापासून १४ दिवसांच्या आत मागणी टाकायची. आधी ती पाहुण्याकडे जाते, त्याला २४ तास मिळतात. त्याने नाही म्हटलं, कमी देऊ केले किंवा उत्तरच दिलं नाही, तर कंपनीला मध्ये घ्यायचं. फोटो, व्हिडिओ, बिल किंवा दुरुस्तीचं अंदाजपत्रक लागतं. नेहमीच्या वापराने होणारी झीज यात धरत नाहीत, पावसा-वादळाने झालेलं नुकसानही नाही. सिगारेटचा वास घालवायला करावी लागणारी जादा सफाई, पाळीव प्राण्यांनी केलेलं नुकसान वगैरे मात्र धरतात.

म्हणजे तुम्हाला महिनाअखेरीला कळलं तेव्हा मुदत कधीच उलटून गेली होती. मालकाला उशिरा कळवणं हा निष्काळजीपणा असेलही, पण इथे तो मॅनेजरच्या सोयीचा निष्काळजीपणा दिसतोय.

माझी पद्धत सांगते. सफाईवाल्या ताई आत शिरल्या की आधी फोन काढतात, मग झाडू. दारापासून सुरुवात करून एकच सलग व्हिडिओ: सोफ्याच्या उशा उचलून, गादीवरची चादर काढून, गीझरचं बटण चालू करून, फ्रिजचं दार उघडून. पुढचा पाहुणा यायच्या आधी तस्साच दुसरा. दोन व्हिडिओंमध्ये जो फरक, ते नुकसान. सुटे फोटो कितीही काढा, "हा डाग आधीपासूनच होता" याला त्यात उत्तर मिळत नाही. आणि पाहुण्याशी जे काही बोलायचं ते अ‍ॅपमधल्या मेसेजवरच. फोनवर "हो हो, देतो ना भरून" म्हणणारा माणूस घरी पोचला की वेगळा असतो.

---

किल्ल्यांचा_जुडगा

मी याच धंद्यात आहे. लोणावळा, पवना आणि मुळशी भागातली काही घरं सांभाळतो. मॅनेजर म्हटला की चोर अशी सुरुवात झालेलीच आहे, तर थोडं आमच्या बाजूनेही.

आधी दाराचं. मुळशीच्या पावसात सागवानी दारसुद्धा फुगतं. चौकटीत अडकतं. घरातल्या माणसाला ठाऊक असतं की कडीपाशी थोडं वर उचलून ओढायचं. पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा खांद्याने धक्का देतो आणि काच तडकते. आता हे पाहुण्याने केलेलं नुकसान की दार वेळेवर रंधून न घेतलेल्या मालकाचा खर्च? मी असली मागणी टाकत नाही, टाकली तरी टिकत नाही. मालकांना वाटतं मॅनेजर ढिला.

दुसरं, मालक लोक घरात जे ठेवतात त्याबद्दल. आजीचा पितळी बंब, काचेची कपाटं, लग्नातला डिनर सेट. भाड्याने द्यायच्या घरात एकही वस्तू अशी नको जी गेली तर रडू येईल. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो, आणि पहिल्याच भेटीत कुणी ऐकत नाही.

पण अठरा हजारांची गोष्ट मला पटलेली नाही. पाहुण्याकडून वसुली केली तर ती मालकाला दाखवलीच पाहिजे. "वेगळा हिशेब" असं काही नसतं.

आणि आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, बाकीचे मॅनेजर माझ्यावर चिडतील. एअरबीएनबीवर चांगल्या यजमानाला मिळणारा सुपरहोस्टचा बिल्ला खात्याला मिळतो, घराला नाही. खात्यावरच्या सगळ्या घरांचं मिळून रेटिंग किमान ४.८ लागतं. माझ्या खात्यावर पंधरा घरं असतील आणि तुमच्या पाहुण्यावर मी नुकसानीची मागणी टाकली, तर तो चिडून एक स्टार देणार. त्याचा फटका बाकीच्या चौदा घरांना. म्हणून बरेच मॅनेजर मागणी टाकतच नाहीत, मालकाच्या हिशेबात दुरुस्ती दाखवून मोकळे होतात. मालकाला वाटतं पाहुणे खराब. पाहुणे तसे बरेच असतात हो.

---

चांदणीचौकापलीकडे

जुडगा, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. दाराचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमचंही दार तसंच उचलून ओढावं लागतं. काचेचे पैसे मी मागणारच नाही.

झोपाळ्याचं मात्र वेगळं आहे. "जुना होता" हे ऐकून मी आमच्या नेहमीच्या सुताराला घेऊन गेले. ओसरीच्या कोपऱ्यात तुटलेली कडी तशीच पडली होती, केअरटेकरने टाकून दिली नव्हती हे नशीब. सुताराने ती उजेडात धरून दाखवली. बाहेरून काळपट, पण जिथे तुटली तिथे आतलं लोखंड चकचकीत. तो म्हणाला, "वहिनी, जुनी चीर असती तर आत गंज शिरला असता, लाल दिसलं असतं. ही एका झटक्यात गेलीय. पाच-सहा जण बसून उंच झोका घेतला असणार." दुसऱ्या बाजूची कडी नुसती वाकलीय, तुटलेली नाही. ती पण ठेवून दिलीय.

---

जुना_पेठकर

सुताराला दंडवत. पुण्यात असा माणूस अजून शिल्लक आहे हे वाचून बरं वाटलं. नंबर मागत नाही, तुम्ही देणार नाही आणि तो येणार नाही.

---

भाड्याने_राहणारा

दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण धाग्यावर सगळे घरमालकच दिसताहेत.

मागे पाचगणीला गेलो होतो. निघताना केअरटेकर आला, चादर उचलली आणि म्हणाला, "साहेब, गादीवर हळदीचा डाग आहे, तीन हजार द्या." डाग इतका जुना की कडा पिवळ्याच्या तपकिरी झालेल्या. आम्ही रात्री पिठलं-भाकरी बाहेर अंगणात खाल्लेली. गाडीत मुलं बसलेली, सासूबाईंना घाटात उलटीचा त्रास, वाद कोण घालणार? जीपे केले आणि निघालो. नंतर कळलं, मालकाला त्या डागाची खबरच नव्हती. एकच डाग किती जणांना विकला गेला असेल देव जाणे.

तेव्हापासून घरात पाय ठेवल्या ठेवल्या मीही व्हिडिओ काढतो आणि काही मोडकं दिसलं तर लगेच अ‍ॅपवर मेसेज टाकतो. आणि केअरटेकरला रोख किंवा त्याच्या खासगी नंबरवर एक रुपया देत नाही. मालकांनी आपापल्या केअरटेकरांचे 'वेगळे हिशेब'ही बघावेत.

---

विमाननगरची_यजमान

+१. पाहुण्याने स्वतःहून "ग्लास फुटला, सॉरी" असा मेसेज टाकला तर मी पैसे घेतच नाही. लपवलेल्या गोष्टीचेच घेते.

---

हिशेबनीस

सीए आहे. मॅनेजरच्या स्टेटमेंटमध्ये लोक फक्त शेवटचा आकडा बघतात म्हणून चार ओळी.

कमिशन कशावर घेतोय ते आधी बघा. कमिशन राहण्याच्या भाड्यावर ठरलेलं असतं. नुकसानभरपाईची वसुली हे भाडं नाही, त्यावर कमिशन कापायचं कारण नाही, करारात वेगळं लिहिलेलं असेल तरच. काही जण त्या रकमेवर जीएसटीही लावून दाखवतात. करारभंगामुळे झालेल्या नुकसानीची निव्वळ भरपाई हा कुठल्या सेवेचा मोबदला नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रकात (१७८/१०/२०२२) स्पष्ट केलं आहे.

भाड्यावरचा जीएसटी: दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या मुक्कामाला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. आधी १२ होता. ७,५०० च्या वर १८ टक्के. तुमची स्वतःची नोंदणी नसेल तर बुकिंग करणारा प्लॅटफॉर्म तो कर भरतो. तेव्हा मॅनेजरने तुमच्या हिश्श्यातून पुन्हा "जीएसटी" म्हणून काही कापलं असेल तर तो त्याच्या कमिशनवरचा १८ टक्के आहे का हे विचारा, आणि त्याच्या जीएसटी नंबरसकट इन्व्हॉइस मागा. नंबर नसेल तर कर घ्यायचा अधिकारही नाही. हे विचारल्यावर बऱ्याच जणांचा सूर बदलतो.

आणखी एक: २६,४०० च्या दुरुस्तीची बिलं मागितलीत का? सुताराचं, गादीवाल्याचं, काचवाल्याचं वेगवेगळं. एका ओळीतली गोळाबेरीज म्हणजे बिल नव्हे.

---

कोर्टाची_पायरी

वकील आहे, पण हा सल्ला म्हणून नाही, गप्पा म्हणून घ्या.

धागाकर्तीने विचारलंय, पाहुण्याने भरलेले पैसे कुणाचे. मॅनेजर तुमच्या वतीने घर देतो आणि कमिशन घेतो, म्हणजे तो तुमचा एजंट. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २१३ म्हणतं की मालकाने मागितला की एजंटने नीट हिशेब द्यायचा. कलम २१८ म्हणतं की मालकाच्या वतीने मिळालेले पैसे मालकाला द्यायचे, एजंटचं जे रीतसर येणं असेल ते वळतं करून. त्यामुळे ईमेल लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर भांडू नका. अमुक तारखेच्या बुकिंगमधली वसुली, त्या मागणीचा स्क्रीनशॉट आणि मूळ बिलं सात दिवसांत पाठवा. एवढंच. रागाचे शब्द नकोत, ते पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतात.

पाहुण्यावर पोलिसात जायचं का, असं एकाने मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं. भारतीय न्याय संहितेत कलम ३२४ आहे, आगळिकीचं. पण त्यात नुकसान करायचा इरादा किंवा तसं होईल याची जाणीव लागते. झोपाळ्यावर सहा जण बसणं हा आगाऊपणा आहे, गुन्हा म्हणून उभा करणं कठीण. व्हिडिओ मात्र जपून ठेवा, फोनमधली मूळ फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली नाही. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते ज्याच्या फोनवर शूटिंग झालं त्याच्यापासून सुरू होतं. मॅनेजरच्या फोनवर असेल तर तुम्ही त्याच्याच दारात.

आता ज्यांचं कमिशनवर नाही, "महिन्याला ठराविक रक्कम देतो, घर माझ्या ताब्यात द्या" असं ठरलंय, त्यांच्यासाठी. हे प्रकरण वेगळं आहे. तिथे तो एजंट राहत नाही, लायसन्सी (घर वापरायचा परवाना घेणारा) होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर. ती केली नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत लायसन्सीचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून निर्धास्त झालेले कितीतरी लोक मी बघितलेत. आणि कुणी कुलमुखत्यारपत्र मागितलं तर चहा पाजून वाटेला लावा.

---

टेकडीवरचा

डिपॉझिट घेतलं की सगळे प्रश्न मिटतात. आम्ही पानशेतला दहा हजार आधी घेतो, जाताना परत. आणि हॉलमध्ये कॅमेरा.

---

विमाननगरची_यजमान

@टेकडीवरचा, थेट व्हॉट्सअ‍ॅपवरून बुकिंग घेत असाल तर डिपॉझिट घ्या, काहीच हरकत नाही, फक्त किती आणि कशाबद्दल कापणार ते आधी लिहून द्या. एअरबीएनबीच्या बुकिंगला बाहेरून डिपॉझिट मागितलंत तर खातं जाईल.

कॅमेरा मात्र आजच काढा. एप्रिल २०२४ च्या शेवटापासून तिथे घराच्या आत कॅमेरा चालतच नाही, बंद असला तरी नाही. फाटकावर, पार्किंगला चालतो, तोही लिस्टिंगमध्ये आधी सांगून. आणि प्लॅटफॉर्म राहू द्या बाजूला, लोक आत कुटुंबासकट राहतात हो.

---

किल्ल्यांचा_जुडगा

फाटकावरचा कॅमेरा पुरतो. नुकसानीचं मूळ बहुतेक वेळा माणसांच्या संख्येत असतं. बुकिंग आठचं, उतरतात चौदा. फाटकावरच मोजले आणि जादा माणसांचं तिथेच बोलणं झालं तर निम्मी कटकट संपते. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा कायदाच आहे, त्याचा बोर्ड लावा. स्पीकर बंद झाला की अर्धे लोक झोपतात. जे झोपत नाहीत ते झोपाळ्यावर बसतात. :)

---

विमाननगरची_यजमान

अवांतर, पण घर मॅनेजरवर सोडलेल्या मालकांसाठी महत्त्वाचं. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती देणारा 'फॉर्म III' (२०२५ पर्यंतचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरायचा असतो. कोरेगाव पार्कात मला हे वरचेवर करावं लागतं. मॅनेजर विसरला तर विचारणा घराच्या पत्त्यावर येते. भरल्याची पोच दर वेळी मागून घ्या.

---

चांदणीचौकापलीकडे

धागा वर काढते, कारण थोडी प्रगती आहे.

पायरीताईंनी सांगितल्यासारखा ईमेल केला. पाचव्या दिवशी 'सुधारित स्टेटमेंट' आलं. त्यात "गेस्ट रिकव्हरी" म्हणून १४,४०० जमा. म्हणजे अठरा हजारांतून २० टक्के कमिशन कापूनच. हिशेबनीसांचा प्रतिसाद जवळजवळ जसाच्या तसा पाठवला, तर दुसऱ्या दिवशी उरलेले ३,६०० "गुडविल म्हणून" आले. माझेच पैसे, त्याचं गुडविल. बिलं मात्र अजून दोनच आली आहेत, गादीचं आणि काचेचं. झोपाळ्याची दुरुस्ती आमच्या सुतारानेच केली आणि त्याचे पैसे मी दिले, तरी त्या २६,४०० मध्ये "स्विंग रिपेअर" धरलेलं आहेच. त्यावर परत ईमेल गेलाय.

आता पुढचं. लिस्टिंग माझ्या नावावर मागितली तर म्हणे तशी देता येत नाही.

---

विमाननगरची_यजमान

यात तो खोटं बोलत नाहीये. लिस्टिंग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही, त्यामुळे आजवरचे रिव्ह्यू त्याच्याकडेच राहणार. तुम्हाला तुमच्या खात्यावर नवीन लिस्टिंग काढून शून्यापासून सुरुवात करावी लागेल आणि मॅनेजर ठेवायचा तर त्याला को-होस्ट म्हणून जोडायचं. मग तो पाहुण्यांशी बोलेल, कॅलेंडर सांभाळेल, पण मेसेज, मागण्या आणि पैसे तुम्हालाही दिसतील. सुरुवातीचे काही महिने बुकिंग कमी येतील, दर थोडा खाली ठेवा.

---

किल्ल्यांचा_जुडगा

मी म्हणेन ३१ डिसेंबर जाऊ द्या, मग बदला. वर्षातलं सगळ्यात मोठं भाडं तेव्हाच असतं आणि नव्या, बिनरिव्ह्यूच्या लिस्टिंगला ते मिळणार नाही.

---

कोर्टाची_पायरी

असहमत. सगळ्यात मोठं भाडं आणि सगळ्यात मोठी मोडतोड एकाच रात्री होते, आणि त्या रात्रीची मागणीही त्याच्याच खात्यातून जाईल. नोटीस आत्ता द्या. करारात ३० दिवस असतील तर ३० दिवस. त्याने आधीच घेतलेली बुकिंग कोणती, आगाऊ पैसे किती, याची यादी लेखी घ्या, नाहीतर नाताळात फाटकावर दोन कुटुंबं उभी राहतील. आणि मुदत संपली त्या दिवशी कुलपं बदला. किल्ली परत मिळाली म्हणून थांबू नका, त्या किल्लीच्या किती प्रती आहेत हे केअरटेकरलाही ठाऊक नसतं.

---

चांदणीचौकापलीकडे

आमचे हे जुडग्यांच्या बाजूने, मी पायरीताईंच्या. नोटिशीचा मसुदा केलाय. करारात मुदतीचं कलमच नाही असं आत्ता लक्षात आलं. अशा वेळी किती दिवस द्यायचे?

---

कोर्टाची_पायरी

वाजवी मुदत. करार कायद्याचं कलम २०६. ३० दिवस द्या, कुणी नाव ठेवणार नाही. करार व्यनिने पाठवा, शेवटचं पान आणि सह्यांसकट.